दोन रेघांचा ए

सोलापूरच्या कोर्टासमोर कडुनिंबाखाली टायपिंगवाल्यांची सहा टेबलं होती, त्यातलं तिसरं चन्नप्पाचं. सिद्धाप्पा सर रस्ता ओलांडताना दिसले की चन्नप्पा मशीनवर फडकं टाकायचा, चष्मा काढून खिशात ठेवायचा आणि आपण आता जेवायलाच निघालोय असा चेहरा करायचा. मग सकाळचे साडेदहा का वाजलेले असेनात. उपयोग काडीचा नाही. सर येऊन समोरच्या स्टुलावर बसायचे, पिशवीतनं वही काढायचे आणि म्हणायचे की अण्णा, एक बारीक बदल आहे.

हा बारीक बदल म्हणजे चन्नप्पाच्या मागं लागलेली दीड वर्षाची साडेसाती होती. बदल असायचा एका अक्षराचा आणि पान मारायला लागायचं अख्खं, वरती मूळ प्रत आणि खाली चार कार्बन. बरं, मजकूर तरी माणसाचा असावा! मोठा ए, छोटा ए, बाण, कंस, परत मोठा ए. बाणाची तर कळच नाही इंग्रजी मशीनला. तिथं दोन घरं जागा सोडायची आणि सरांनी घरी बसून पेनानं बाण काढायचे, ते बाणही असे की काही वर बघतायत, काही खाली. शेजारच्या टेबलावरचे लोक विचारायचे, काय चन्नप्पा, कुणाची जन्मपत्रिका? चन्नप्पा म्हणायचा, माझी.

हा चन्नप्पा मूळचा दुधनीचा. घरात कानडी, शाळेत मराठी आणि पोटासाठी इंग्रजी. इंग्रजी त्याला बोलता यायचं नाही, पण त्याच्या बोटांना यायचं. कोर्टासमोर एकतीस वर्षं झाली होती. दावे, कैफियती, मृत्युपत्रं, भावाभावांची वाटणीपत्रं, सगळं त्याच्या बोटांखालून गेलेलं. कागदात काय लिहिलंय ते तो कधी वाचायचा नाही. वाचायला लागलो तर रोज रडावं लागंल की, म्हणायचा. पण कागद कसा असावा याबद्दल मात्र त्याचं सोवळं मोठं कडक. त्याच्या पानावर रबर फिरायचा नाही. टाइप केलेल्या कागदाला पेन लावलेलं त्याला खपायचं नाही, आणि लावावंच लागलं तर दुरुस्तीच्या शेजारी दुरुस्ती करणाऱ्याची आद्याक्षरी सही हवीच. बिनसहीची दुरुस्ती म्हणजे बेवारशी प्रेत, हे त्याचं वाक्य सगळ्या वकिलांना पाठ होतं. पक्षकारानं आळस करून 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन रेघा मारल्या असतील, तर चन्नप्पा त्या रेघा टाइप करायचा नाही. वरचा शब्द अख्खा मारायचा. दोन रेघांपायी माणसाची जमीन गेलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती.

आणि सिद्धाप्पा सर? सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा माणूस, कॉलेजात गणित शिकवायचा. घराण्यातला पहिला शिकलेला. डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहीत होता, त्याला सहा वर्षं झाली होती. दोनदा मुदतवाढ मिळाली, तिसरी मिळणार नाही असं पत्र आलं होतं. १९७८च्या मार्चची अठरा तारीख, शनिवार, दुपारी बारा. तोवर प्रबंधाच्या चार प्रती कोल्हापूरला विद्यापीठात पोचल्या नाहीत तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. तिकडं गावी सरांच्या वडिलांनी, बिरप्पांनी, पोरगं डाक्टर होणार म्हणून सांगून ठेवलेलं. कुणाची मेंढी खोकायला लागली की ते म्हणायचे, थांबा जरा, मार्चात येतंय पोरगं.

एक दिवस चन्नप्पाचं डोकं फिरलं. एकच पान चौथ्यांदा मारायला आलं होतं. सर, तो म्हणाला, तुमचे नियम बरोबर हायत की न्हाईत ते एकदा सांगा. बरोबर असतील तर वापरा की पाहिजे तेव्हा, हा नियम आत्ता लावायचा आणि तो नंतर लावायचा ही काय भानगड आहे? कायदा म्हणजे कायदा. तो काय मुहूर्त बघून लागतो होय?

सरांना कुणी तरी विचारलं हेच पुष्कळ झालं. कॉलेजात कुणी विचारत नव्हतं. ते स्टूल पुढं ओढून बसले आणि सांगायला लागले की अण्णा, माझा सगळा प्रबंध ह्याच भानगडीवर आहे. एका अक्षराच्या जागी दुसरी अक्षरं लिहायची, असे नियम असतात. शेजारी कोण बसलंय हे नियम बघत नाही, म्हणून त्याला संदर्भमुक्त म्हणायचं. आता समजा नियम असा, की एका एच्या जागी दोन ए लिहा. ए म्हणजे मेंढी समजा. दरवर्षी प्रत्येक मेंढीला एक कोकरू. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, कळप असा दुपटीनं वाढला पाहिजे. पण नियमाला कुठं अक्कल असते? तो एका मेंढीला लागला की तिलाच पुन्हा लागतो, कालच्या कोकरालाही लागतो, आणि बाकीच्या तशाच उभ्या. मग तीन होतात, पाच होतात, वाट्टेल तेवढ्या होतात. नियम चुकलेला नसतो, पण कळप चुकतो. म्हणून आमचे वडील काय करतात, मेंढी व्याली की तिच्या आणि कोकराच्या पाठीवर गेरू लावतात. गेरूवालीला यंदा पुन्हा नियम लावायचा नाही. सगळ्या कळपाला गेरू लागला, की मगच तो पुसायचा आणि पुढचं वर्ष सुरू करायचं.

चन्नप्पाला हे पटलं नाही असं नाही, पण एवढ्यासाठी सहा वर्षं लागतात हे काही त्याच्या गळी उतरेना. घरी जेवताना त्यानं हेमावतीला, म्हणजे बायकोला, चिडून सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, त्यात काय. मी आमटीत मीठ घातलं की झाकणावर पळी आडवी ठेवते. तशी ठेवली नाही तर जगदेवी येऊन परत घालते. जगदेवी म्हणजे त्यांची सून. बायकोला जे एका पळीत कळलं ते आपल्याला कळायला दीड वर्ष लागलं, याचाही चन्नप्पाला रागच आला.

तेव्हापासून एक खोड लागली मात्र. दुपारी कोर्ट जेवायला उठलं की चन्नप्पा वाया गेलेल्या कार्बन कागदाच्या पाठीवर सरांचे नियम लावून बघायचा. सरांनीच शिकवलं होतं: एका अक्षरापासून निघायचं, एकेक नियम लावत जायचं, शेवटी सगळे छोटे ए आले की मोजायचे. दुसऱ्या प्रकरणातलं बरोबर यायचं. तिसऱ्यातलंही यायचं. पेन्सिल चावत बसलेल्या चन्नप्पाला बघून शेजारचे म्हणायचे, गेला कामातनं. पण कागदावर गेरू कसा लावतात, हे त्यानं सरांना कधी विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही. घोडं तिथंच पेंड खात होतं.

तिसऱ्या प्रकरणात लांबलचक तक्ते होते. डावीकडं खालीपर्यंत तेच ते अक्षर, म्हणून सरांनी वहीत एकदा अक्षर लिहून खाली नुसत्या दोन-दोन रेघा ओढल्या होत्या. चन्नप्पानं विचारलं, तर सर म्हणाले, दोन रेघा दिसल्या की वरचंच अक्षर समजा. चन्नप्पा म्हणाला, ते आमच्यात तसंच असतंय. दोघंही खूश. दीड वर्षात एवढं चटकन कशावरच एकमत झालं नव्हतं.

मग आलं चौथं प्रकरण. हेच सरांचं स्वतःचं, बाकीचं सगळं त्याच्या तयारीला. पान त्र्याहत्तर. वहीत वरच्या ओळीत होता साधा मोठा ए आणि खालच्या ओळींत मोठा ए आणि त्याच्या खांद्याशी दोन बारीक रेघा. काही ठिकाणी एकच रेघ होती, ती चन्नप्पानं जशीच्या तशी मारली. पण दोन रेघा बघून त्याचं टाळकं सणकलं. ए लिहिलाय, आणि वर परत 'वरीलप्रमाणे'? वरती कोण आहे, तर ए. म्हणजे ए, आणि तोच तो ए! एकच गोष्ट दोनदा सांगायची या माणसाला सवयच आहे, असं पुटपुटत त्यानं अकराच्या अकरा ठिकाणी नुसता ए मारला आणि पान काढून ठेवलं. सरांनी प्रूफ बघितलं, पण ते बाण काढायच्या नादात. बाण मात्र सगळे काढले.

सतरा मार्चला, शुक्रवारी, न्यायाधीश साहेब रजेवर गेले म्हणून सकाळपासनं काम नव्हतं. प्रबंध बांधून तयार होता. गुंडा बाइंडरनं पाच प्रती, चार विद्यापीठाच्या आणि एक सरांची, काळ्या कापडात घालून कालच सरांच्या घरी पोचवल्या होत्या. सर दोनच्या एस.टी.नं कोल्हापूरला निघणार होते. सुटलो एकदाचा, असं म्हणत चन्नप्पा टेबल आवरत होता, तर पान त्र्याहत्तरचा एक खराब झालेला कार्बन हाताला लागला. हे एक बघायचं राहिलं की, म्हणून त्यानं पेन्सिल काढली.

एक ए. नियम लावला, दोन झाले. त्यातल्या एकालाच परत लावला, तीन झाले. शेवटचा नियम लावून छोटे ए केले आणि मोजले. तीन! त्यानं पुन्हा करून बघितलं, पाच आले. तिसऱ्यांदा सात. सरांच्या म्हणण्याप्रमाणे दोन, चार, आठ, सोळा याच्याशिवाय काही येताच कामा नये, आणि इथं तर बाजार भरलेला. चन्नप्पाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दीड वर्ष या माणसानं मला एकेका अक्षरासाठी नाचवलं, आणि याच्या स्वतःच्या कळपाची मोजणी चुकलेली! शिवा शिवा. खरं तर वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. पण आनंद जास्त झाला, उगाच खोटं कशाला बोला. सायकलवर टांग टाकून तो सरांच्या खोलीकडं निघाला. वाटेत काय बोलायचं ते सुद्धा घोळवत होता.

सर पिशवी भरत होते. चन्नप्पा दारातनंच म्हणाला, "सर, एक बारीक बदल आहे."

आणि त्यानं तो कागद पुढं केला. सरांनी तीन ए बघितले, पाच बघितले. एक प्रत उघडून पान त्र्याहत्तर काढलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी वही काढली, तेच पान शोधलं आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. चन्नप्पा वाकून बघायला लागला. वहीत रेघा होत्या, प्रतीत नव्हत्या. ते त्याला माहीतच होतं.

"त्या वरीलप्रमाणेच्या रेघा हायत की," तो म्हणाला.

"न्हाय अण्णा," सर म्हणाले. "त्यो गेरू हाय."

कॉलेजात घालवलेल्या वर्षांत गेलेली सांगोल्याची बोली एका वाक्यात परत आली होती. चन्नप्पा खाटेच्या कडेवर बसला. अकरा मेंढ्यांचा गेरू त्यानं आपल्या हातानं पुसला होता, पाची प्रतींतनं, आणि वर हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला सायकल हाणत आला होता. एकतीस वर्षांत त्याच्या हातनं कुणाची गुंठाभर जमीन गेली नव्हती, आणि आज एका माणसाची सहा वर्षं गेली. यप्पा, हे काय करून बसलो, एवढंच त्याच्या तोंडून निघालं. सरांनी आता चांगलं फैलावर घ्यावं, शिव्या घालाव्यात, वही तोंडावर फेकावी असं त्याला मनापासून वाटलं. सर शिव्या घालेनात.

"दोन्ही नियम मीच दिले तुम्हाला," सर म्हणाले. "दोन रेघा म्हणजे वरचं अक्षर हेही, आणि वहीत दोन रेघांचा ए हाही. कुठला कुठं लावायचा ते सांगायचं राहिलं. आणि सहा वर्षं मी लिहितोय काय, तर तेवढंच."

असं समजूतदार बोललेलं चन्नप्पाला मुळीच सहन झालं नाही. तो उठला. साडेबारा वाजत होते. बांधलेली प्रत मशीनमध्ये घालता येत नाही, सुटी करून नवं पान मारून परत बांधायला गुंडाला दोन दिवस लागले असते. मग हातात राहिलं काय, तर पेन. ए आणि बाण यांच्यामध्ये बाणासाठी सोडलेली जागा थोडी थोडी उरली होती. ज्या बाणांना दीड वर्ष शिव्या घातल्या त्यांच्याच कृपेनं दोन रेघा बसणार होत्या. चन्नप्पानं सरांचं काळ्या शाईचं पेन घेतलं, चष्मा पुसला आणि वरची प्रत ओढली. पहिल्या एच्या खांद्याशी त्यानं दोन रेघा काढल्या, बारीक, सरळ, मशीननं मारल्यासारख्या. आणि हातानं आपसूक शेजारी छोटी सही केली, इंग्रजी सी.

सरांनी त्याचं मनगटच धरलं. सी नको, म्हणाले, सी हेही अक्षर आहे माझ्या व्याकरणात, पुढच्याच पानावर येतं. परीक्षक म्हणेल हा सी कुठला कुठनं आला, नियम कुठाय त्याचा! चन्नप्पा म्हणाला, समासात करतो. सर म्हणाले, समासातही नको, तो तिथंही विचारील. चन्नप्पा म्हणाला, माझी चूक, माझी दुरुस्ती, आणि सही करायची नाही? सर म्हणाले की एक वाजत आला अण्णा. त्यांचा आवाज आता रडकुंडीला आला होता. सही झालेली प्रत त्यांनी स्वतःसाठी बाजूला ठेवली.

चन्नप्पा कामाला लागला. एकेका प्रतीत अकरा जागा, पाच प्रती. सर प्रत्येक प्रत वहीशी ताडून बघत होते, आणि चन्नप्पाला दर वेळी सहीच्या जागी थांबलेला आपला हात मागं घ्यावा लागत होता. पावणेदोनला सर पिशवी छातीशी धरून पळत सुटले. आपली एक प्रत खाटेवर तशीच राहिली. चन्नप्पानं ती उचलून फळीवर ठेवली, दाराला कडी लावली आणि कोर्टाकडं आला. त्या संध्याकाळी जेवताना हेमावतीनं विचारलं, काय झालं म्हणून, तर तो म्हणाला, मी पळी उचलली.

प्रबंध वेळेत पोचला, हे सरांनी परत आल्यावर सांगितलं. पण पोचला म्हणजे झालं असं थोडंच असतं? परीक्षक कुठल्या कुठं, कधी वाचणार, त्या हातानं काढलेल्या रेघा बघून काय म्हणणार, काही कळायला मार्ग नाही. चव्वेचाळीस दुरुस्त्या बिनसहीच्या फिरत होत्या. चन्नप्पाला त्याचा इतका त्रास झाला की तो इतरांच्या कागदांवर उगाच दोन-दोनदा सह्या मागायला लागला. वकील वैतागले. सर रस्ता ओलांडताना दिसले तर आता तो फडकं टाकायचा नाही, उलट मान वर करून बघायचा, आणि सर लांबूनच मान हलवायचे, अजून नाही म्हणून.

डिसेंबरात एकदाचे सर आले, ते सरळ येऊन स्टुलावर बसले. झालं, म्हणाले. परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाचं नाव घेऊन चांगलं लिहिलं होतं. रेघांबद्दल अवाक्षर नव्हतं. गावी बिरप्पांनी पेढे वाटले होते आणि तीन माणसं आजारी मेंढ्या घेऊन दारात बसली होती. चन्नप्पा हसला नाही. बरं झालं की, एवढंच म्हणाला आणि मशीनमध्ये कागद घालायला लागला. डोळ्यांत पाणी आलेलं शेजारच्या टेबलांना दिसू नये, एवढ्यासाठीच तो खाली बघत होता.

सरांनी पिशवीतनं आपली काळी प्रत काढली, पान त्र्याहत्तर उघडलं आणि टेबलावर ठेवलं. पहिल्या एशेजारी एक सी होता. बाकीच्या दहा जागा मोकळ्या होत्या.

"दहा सह्या राहिल्यात," सर म्हणाले.

"व्याकरण बिघडंल की तुमचं," चन्नप्पा म्हणाला.

"त्या चार प्रतींत माझा नियम लागतो. ह्या प्रतीत तुमचा."

चन्नप्पानं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि सरांकडनं पेन मागून घेतलं. एकेका दुरुस्तीशेजारी सही करत तो खाली उतरत गेला. सातव्या सहीला थांबला आणि म्हणाला की सर, हा बाण बघा, गटारात चाललाय. मग उरलेल्या चार केल्या, अकरा मोजल्या, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि प्रत मिटून सरांच्या हातात दिली.